मदत हवी आहे: कोकणातल्या स्वयंपाकघरासाठी सुटी लाकडी कपाटं, घरच्या फणसाची करावीत का?

नमस्कार मंडळी,

दापोली तालुक्यातल्या आमच्या घराचं स्वयंपाकघर नव्यानं मांडायचं आहे. आई-बाबा तिथे बाराही महिने राहतात, गणपतीत आणि मे महिन्यात घर माणसांनी भरतं. भिंती चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या), पावसाळ्यात ओल धरतात. ओट्याखाली बसवलेल्या ट्रॉल्यांची मागची बाजू वाळवीनं खाल्ली. प्लाय मागून सगळा पोखरला तरी पुढचा सनमायका शाबूत होता, त्यामुळे कळायलाच उशीर झाला. ठोकून बसवलेल्या कपाटामागे ना हात जातो ना झाडू. म्हणून आईनं ठाम सांगितलंय, आता जे करायचं ते सुटं, पायांवर उभं, दोघांनी धरून सरकवता येईल असं.

एक जाळीचं कपाट हवंय दूधदुभत्यासाठी, डबे-बरण्यांसाठी एक उंच फडताळ, आणि ओट्याच्या उंचीचं कामाचं टेबल. टेबलावर आई पोळ्या लाटणार, भाजी चिरणार, गरम पातेलीही ठेवणार.

लाकूड घरचं आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात परसातला जुना फणस उन्मळून पडला. तो बाबांच्या आजोबांनी लावलेला. बाबांनी खोड गिरणीवर नेऊन दीड इंची फळ्या काढल्या आणि गोठ्याच्या माळ्यावर मध्ये पट्ट्या घालून रचून ठेवल्या. हे लाकूड याच स्वयंपाकघरात उभं राहावं अशी आम्हा सगळ्यांचीच फार इच्छा आहे.

पण सुतार म्हणतात, फणस नको, सागच घ्या. दोन-तीन फळ्यांच्या कडेला टाचणीएवढी भोकं दिसतात, खाली पिठासारखा भुसा पडतो. अशा फळ्या वापराव्यात का? टेबलाच्या वरच्या फळीला काय लावावं, म्हणजे अन्नाला बाधणार नाही? आणि मुंग्यांसाठी पायाखाली पाण्याच्या वाट्या ठेवायच्या जुन्या पद्धतीनं पाय कुजत नाहीत का?

प्रतिसाद १

आमच्या घरात सुतारकाम पिढीजात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. फणसाला नाही म्हणू नका. त्याचा पिवळा गाभा वाळवीला सहजासहजी दाद देत नाही, आणि वर्षागणिक रंग गडद तांबूस होत जातो. भुसा पडतोय तो सालीकडच्या फिक्या भागातून. त्या भागात पिष्ट असतं, किड्याला तेच हवं असतं. सागाचाही फिका भाग असाच पोखरला जातो, त्यामुळे नुसता 'साग' ऐकून निर्धास्त होऊ नका. फळ्यांचा फिका भाग निर्दयपणे कापून टाका, रुंदी कमी झाली तरी चालेल. उरलेल्या लाकडाला दीड भाग टाकणखार (बोरॅक्स) आणि एक भाग बोरिक अ‍ॅसिड गरम पाण्यात विरघळवून ब्रशनं दोन-तीन हात द्या, पूर्ण वाळू द्या, मगच पॉलिश. हे द्रावण पाण्यानं धुऊन जातं, म्हणून वर पॉलिशचा थर हवाच. टेबलाच्या वरच्या फळीला मात्र ते लावू नका.

वाळण्याचा ढोबळ हिशोब इंचाला एक वर्ष, तेव्हा तुमच्या फळ्या केव्हाच मुरल्या असतील. तरी सुताराकडे ओलावा मोजायचं मीटर असेल तर बघा, १२ ते १५ टक्के असेल तर बिनधास्त कामाला घ्या.

मुख्य गोष्ट जोडणीची. लाकूड रुंदीत फुगतं-आकसतं, लांबीत जवळपास नाहीच. टेबलाची फळी खालच्या चौकटीला घट्ट स्क्रूनं आवळली की ती चिरते. चौकटीत स्क्रूची भोकं लांबट ठेवायला सांगा. खण (ड्रॉवर) पावसात अडकले तर लगेच रंधा मारू नका, उन्हाळ्यात ते खुळखुळतील. कडेला मेणबत्ती घासा.

प्रतिसाद २

टेबलाबद्दल अनुभवाचं सांगते. खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल लावू नका, ते वाळत नाही आणि काही दिवसांनी खवट वास मारतं. अळशीचं तेल वाळून घट्ट होतं. खाण्याचं, काही न मिसळलेलं घ्या. हार्डवेअरच्या दुकानातल्या 'बॉइल्ड' तेलात बहुधा लवकर वाळवणारी रसायनं असतात. पातळ हात, वीस मिनिटांनी कोरड्या फडक्यानं पुसून काढायचं, काही दिवस वाळू द्यायचं, मग पुढचा हात. पावसाळ्याआधी दरवर्षी एकदा. पण एक सावधगिरी पाळाच: तेलाचं फडकं चुरगाळून टाकू नका, ते आपोआप पेट घेऊ शकतं. उघडं पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

लाखेचं पॉलिश फडताळाला शोभतं, टेबलाला नाही. गरम पातेलं ठेवलं की पांढरा डाग पडतो. फणसावरसुद्धा पातेल्याखाली तिवई हवीच.

वाट्यांचं म्हणाल तर आमच्याकडे अजून आहेत. पायाचा तळ पाणी शोषतो, म्हणून पायाला आधी पीव्हीसीची घट्ट टोपी बसवली आणि मग वाटी. वाटीतलं पाणी वरचेवर बदला, डास होतात.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. बाबांना वाचून दाखवलं, ते आजच फळ्या खाली काढायला निघाले होते! आमच्याकडे काजूच्या टरफलांचं तेल मिळतं, जुनी माणसं ते वाशांना लावत. पायांना चालेल का? आणि जाळी कुठली घ्यावी?

प्रतिसाद १

पायांच्या तळाला आणि मागच्या बाजूला चालेल, वाळवीवर ते उत्तम. पण अंगाला लागलं तर फोड येतात. हातमोजे घाला, पूर्ण वाळेपर्यंत मुलांना लांब ठेवा, अन्न ठेवायच्या फळ्यांना अजिबात नको. जाळी ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलची घ्या, साधी लोखंडी खाऱ्या हवेत गंजते. ती पट्टीखाली स्क्रूनं बसवा, खिळ्यानं नको, म्हणजे काढून धुता येईल. कपाट भिंतीपासून तीन बोटं लांब, पाय सहा इंची, आणि महिन्यातून एकदा सरकवून मागे टॉर्च मारायचा. चिऱ्यावर मातीची बारीक रेघ, म्हणजे वाळवीची वाट, दिसली तर त्याच दिवशी खरवडून काढा आणि ती भिंतीत कुठून निघते ते शोधा.