सड्यावरील बेडकांच्या अभ्यासासाठी राष्ट्रीय उद्यानाची परवानगी: अर्ज कोणत्या कलमाखाली करावा आणि अहवाल कुणाला द्यावा?

कातळफूल (प्रश्न)

नमस्कार. मी प्राणिशास्त्रात पीएच.डी. करत आहे. पावसाळ्यात जांभ्याच्या सड्यांवर (उघड्या, सपाट कातळपठारांवर) साचणाऱ्या उथळ डबक्यांमध्ये बेडकांची वीण कशी होते, हा माझा विषय आहे. गेली दोन वर्षे मी खासगी आणि देवस्थानच्या मालकीच्या सड्यांवर काम केले. तिथे मालकाची संमती घेतली आणि सरपंचांच्या कानावर घातले की काम भागत असे. आता तुलनेसाठी ज्यावर गुरे चरत नाहीत असा सडा हवा आहे. चांदोली राष्ट्रीय उद्यानातील बहुतेक गावांचे पुनर्वसन झालेले असल्याने तिथले सडे मला त्या दृष्टीने योग्य वाटतात.

कामाचे स्वरूप असे आहे: डबक्याची खोली आणि पाण्याचे तापमान मोजणे, टॅडपोल (बेडकांची शेपटीवाली पिल्ले) जाळीने पांढऱ्या ट्रेमध्ये घेऊन मोजणे व परत सोडणे, काही टॅडपोलच्या शेपटीचे दोन-तीन मिलिमीटरचे टोक डीएनएसाठी घेणे, आणि प्रत्येक डबक्यातील मोजके नमुने जतन करणे. मार्गदर्शकांच्या सहीचे 'वन्यजीव अभ्यासास परवानगी मिळावी' असे एका पानाचे पत्र तयार आहे. हे पत्र पुरेसे आहे का, शेपटीच्या टोकासाठी वेगळी परवानगी लागते का, आणि काम झाल्यावर अहवाल नेमका कुणाला, कोणत्या स्वरूपात द्यायचा, हे जाणकारांनी सांगावे. जूनच्या पहिल्या पावसाला सड्यावर पोहोचण्याची इच्छा आहे आणि आता डिसेंबर संपत आला आहे.

माजी वनक्षेत्रपाल

तुमचे पत्र पुरेसे नाही, आणि त्याचे कारण त्याची लांबी नसून त्यातला 'अभ्यास' हा शब्द आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या दृष्टीने तुमचा विषय काय आहे याला फारसे महत्त्व नाही. तुमचे हात तिथे काय करणार आहेत याला आहे. म्हणून अर्जात आधी क्रियापदे लिहून काढा: जाणे, राहणे, पाहणे, पकडणे, कापणे, मारणे, बाहेर नेणे. यातील प्रत्येक क्रियापदाचे उत्तर कायद्यात वेगळ्या ठिकाणी आहे.

जाणे, राहणे आणि पाहणे यांसाठी कलम २८ आहे. त्याखाली मुख्य वन्यजीव रक्षक अभयारण्यात प्रवेशाचा आणि मुक्कामाचा परवाना देतात, आणि वैज्ञानिक संशोधन हे त्या कलमात स्पष्ट लिहिलेले एक कारण आहे. कलम ३५ च्या पोटकलम ८ ने हीच तरतूद राष्ट्रीय उद्यानाला लागू होते. पकडण्यापासून पुढे मात्र प्रकरण बदलते. कायद्यातील 'शिकार' या शब्दाची व्याख्या आपल्या बोलीतल्या शिकारीपेक्षा पुष्कळ रुंद आहे. तिच्यात पकडणे, सापळा लावणे आणि प्राण्याच्या शरीराचा कोणताही भाग घेणे हे सारे येते. म्हणजे अनुसूचीतील (कायद्याला जोडलेल्या संरक्षित प्राण्यांच्या यादीतील) बेडकाच्या टॅडपोलचे शेपटीचे टोक घेणे ही कायद्याच्या भाषेत शिकारच आहे. ती संशोधनासाठी करण्याची मुभा कलम १२ देते, पण तिथे परंतुक, म्हणजे 'परंतु' म्हणून जोडलेली अट, आहे: प्राणी अनुसूची १ मधील असेल तर केंद्र सरकारची आणि अन्य वन्यप्राणी असेल तर राज्य सरकारची पूर्वपरवानगी लागते. तुमच्या डबक्यांत कोणत्या जाती सापडतील याची यादी आधी करा आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतरच्या अनुसूचीत एकेक नाव तपासा. ती दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि तिच्यानंतर प्राण्यांच्या दोनच अनुसूची उरल्या आहेत. इंटरनेटवर फिरणाऱ्या बहुतेक याद्या जुन्या सहा अनुसूचींच्या काळातल्या आहेत.

आता एक गैरसमज. जी जात अनुसूचीत नाही ती मोकळी, असे विद्यार्थी समजतात. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत तसे नाही. 'वन्यजीव' या संज्ञेत कोणताही प्राणी आणि अधिवासाचा भाग असलेली पाण्यातली वा जमिनीवरची वनस्पतीही येते, आणि कलम ३५ चे पोटकलम ६ उद्यानातून वन्यजीव बाहेर नेण्यावर फार कडक बंधन घालते. म्हणून 'किरकोळ नमुने' असे न लिहिता जात, संख्या, डबक्यांची संख्या आणि नमुना कशात घालून कुठे जाणार हे सारे तक्त्यात लिहा. फॉर्मेलिन किंवा अल्कोहोल नेणार असाल तर त्याचे प्रमाणही लिहा. अपायकारक रसायनांवर कलम ३२ ची बंदी आहे आणि बाटली नाक्यावर पिशवीतून निघण्यापेक्षा अर्जात दिसलेली बरी.

अर्ज मुख्य वन्यजीव रक्षक, नागपूर यांच्या नावे करावा. चांदोली हा सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्राचा भाग असल्याने एक प्रत कोल्हापूरच्या क्षेत्र संचालकांना द्यावी, कारण वरचे कार्यालय शेवटी क्षेत्रीय अभिप्राय मागवणारच. तो अभिप्राय परिक्षेत्रातून, म्हणजे वनक्षेत्रपालाच्या कार्यालयातून, येतो. मी स्वतः असे अभिप्राय लिहिलेले आहेत, त्यामुळे सांगतो: खुर्चीत बसलेल्या माणसाला पहिला प्रश्न पडतो तो असा की ही मंडळी किती, कोणत्या नियतक्षेत्रात (एका वनरक्षकाकडे सोपवलेल्या भागात), किती दिवस आणि सोबत वनरक्षक कोण द्यायचा. पावसाळ्यात वनरक्षकाच्या पाठीमागे गस्त असते. अर्जात तारखा आणि नियतक्षेत्रांची नावे असली तर अभिप्राय त्याच आठवड्यात लिहिता येतो. नसली तर पत्रव्यवहार सुरू होतो आणि तुमचा जून निघून जातो.

पाणसाप

वरील उत्तर मोलाचे आहे. संशोधकाच्या बाजूने थोडी भर घालतो.

माझी स्वतःची चूक आधी सांगतो. काही वर्षांपूर्वी एका अभयारण्यात (नाव लिहीत नाही, कारण चूक माझी होती) मी अर्जात 'सॅम्पलिंग' एवढा एकच शब्द लिहिला होता. माझ्या डोक्यात त्याचा अर्थ पकडणे आणि जतन करणे असा होता. परवाना देणाऱ्यांनी त्याचा अर्थ निरीक्षणाच्या जागा निवडणे असा घेतला, आणि शब्दाचा तोही अर्थ होतोच. परतीच्या वाटेवर नाक्यावरच्या वनरक्षकाने परवान्याची लॅमिनेट केलेली प्रत हातात घेऊन ओळीवर बोट ठेवत पूर्ण वाचली, मग माझ्या चौदा नळ्यांकडे पाहिले आणि शांतपणे विचारले, "सर, यात नेण्याचं कुठं लिहिलंय?" उत्तर नव्हते. नळ्या तिथेच पंचनाम्यात गेल्या, लेखी खुलासा द्यावा लागला आणि तो हंगाम संपला. त्या माणसाचे काहीही चुकले नव्हते.

तुमच्या संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची मंजुरी आत्ताच मागा. टॅडपोल हा पृष्ठवंशीय प्राणी आहे, तेव्हा समिती विचारणारच, आणि तिच्या बैठका आपल्या सोयीने होत नाहीत. नमुने कोणत्या संग्रहालयात ठेवणार याचे संमतीपत्रही अर्जासोबत जोडा. आपल्या भागातील कामासाठी भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे आकुर्डी, पुणे येथील पश्चिम विभागीय केंद्र जवळचे पडते. नवी जात हाती लागली तर जैविक विविधता अधिनियम, २००२ च्या कलम ३९ प्रमाणे तिची माहिती आणि संदर्भ नमुना अधिकृत संग्रहालयाला देणे बंधनकारक आहे, ही केवळ सौजन्याची बाब नाही. डीएनएचे काम देशातच होणार असेल तर उत्तम. शेपटीची टोके परदेशी प्रयोगशाळेत पाठवण्याचा विचार असेल तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची वाट धरावी लागेल आणि त्यासाठी वेगळा वेळ राखून ठेवावा लागेल.

आणखी एक गोष्ट, जी कुणी विचारत नाही पण तुम्ही आपणहून लिहावी: बुटांची आणि जाळीची स्वच्छता. बेडकांना मारणारी काइट्रिड बुरशी पश्चिम घाटात नोंदली गेलेली आहे. दोन वर्षे तुम्ही गुरांच्या सड्यांवर जे बूट वापरले तेच घालून चांदोलीतल्या झोळंबीच्या सड्यावर उतरणार असाल तर तुलनेसाठी शोधलेली निर्मळ जागा तुम्हीच बिघडवाल. दोन सड्यांच्या मध्ये बूट, जाळी आणि ट्रे निर्जंतुक करून पूर्ण वाळवण्याची पद्धत अर्जात चार ओळींत द्या, आणि ते धुण्याचे काम डबक्यापासून लांब होईल हेही लिहा.

परदेशी पुणेकर

मी सध्या अमेरिकेत मोंटाना राज्यात सूक्ष्मजीवशास्त्र शिकतो. इथली व्यवस्था वेगळी आहे, परंतु अहवालाच्या प्रश्नाला तिचा उपयोग होईल असे वाटते.

इथे राष्ट्रीय उद्यान सेवेची संशोधन परवान्यांची एकच ऑनलाइन प्रणाली आहे. अर्ज तिथेच, परवाना तिथेच आणि दरवर्षीचा संशोधकाचा अहवालही तिथेच भरावा लागतो. तो अहवाल छोटा असतो, पण सर्वांना वाचता येतो. आधी कुणी कोणत्या उद्यानात काय केले हे कुठल्याही विद्यार्थ्याला घरबसल्या शोधता येते. गेल्या वर्षी मी तो भरायचा विसरलो आणि नूतनीकरणाच्या वेळी माझा अर्ज पुढे सरकेना, तेव्हा त्याचे महत्त्व कळले. उद्यानातून नेलेला आणि कायमचा जतन केलेला नमुना कोणत्याही विद्यापीठाच्या कपाटात असला तरी तो सरकारच्याच मालकीचा राहतो आणि त्याला उद्यान सेवेचा नोंदणी क्रमांक लावावा लागतो.

या काटेकोरपणामागे इतिहास आहे. यलोस्टोनमधील गरम झऱ्यांतून थॉमस ब्रॉक यांनी १९६६ मध्ये एक जिवाणू मिळवला आणि १९६९ मध्ये त्याचे 'थर्मस ॲक्वाटिकस' असे वर्णन प्रसिद्ध झाले. त्याच जिवाणूच्या विकरावर (एन्झाइमवर) पुढे पीसीआरचे, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढण्याचे, तंत्र उभे राहिले, ज्यासाठी कॅरी मलिस यांना १९९३ चे नोबेल मिळाले. त्या तंत्राच्या हक्कांचा व्यवहार कोट्यवधी डॉलरांत झाला. उद्यानाला त्यातले काहीही मिळाले नाही. ब्रॉक यांनी काही लपवले नव्हते, जिवाणू रीतसर सार्वजनिक संग्रहात ठेवला होता. मिळालेल्या फायद्यात उद्यानाचा वाटा असावा याची तरतूदच तेव्हा नव्हती. ती कायद्यात १९९८ मध्ये आली. म्हणून नमुन्यांचे तक्ते भरताना कंटाळा आला की मी त्या झऱ्याची आठवण काढतो.

कातळफूल

सर्वांचे मनापासून आभार. पत्र बाजूला ठेवून आता तक्ता करायला घेतला आहे, आणि खरे सांगायचे तर 'मोजके नमुने' म्हणजे किती हे मलाच ठरवता आले नव्हते असे लक्षात आले. आधीच्या दोन वर्षांच्या नोंदी पाहून प्रत्येक डबक्यामागे जास्तीत जास्त तीन असा आकडा ठरवला आहे.

साहेब, अहवालाबद्दल एक शंका उरते. विद्यापीठाला सहामाही प्रगती अहवाल इंग्रजीत जातोच. त्याचीच प्रत वन विभागाला दिली तर चालेल का? आणि जागांचे अक्षांश-रेखांश शोधनिबंधात छापावेत की नाही, यावर आमच्या विभागातच दोन मते आहेत. शेवटी एक अवघड प्रश्न: ट्रेमध्ये मोजताना एखादा टॅडपोल मेला तर त्याचे काय करायचे?

माजी वनक्षेत्रपाल

परवान्यात अहवालाच्या अटी लिहिलेल्या असतील, त्या तारखांसकट पाळा. त्यानुसारची प्रत नागपूरला आणि क्षेत्र संचालकांना जाईल. विद्यापीठाच्या अहवालाची प्रत जोडायला हरकत नाही, पण परिक्षेत्र कार्यालयासाठी मराठीत दोन पाने वेगळी लिहा. माझ्या कपाटात असे तीस-चाळीस पानी इंग्रजी अहवाल होते आणि त्यांतला एकही मी शेवटपर्यंत वाचला नाही, हे कबूल करतो. याउलट एका विद्यार्थ्याने हंगामाच्या शेवटी कोणता पाणवठा कधी आटला याचा हाताने काढलेला नकाशा दिला होता. तो पुढची तीन वर्षे संरक्षण कुटीच्या भिंतीवर होता आणि उन्हाळ्यातली गस्त त्यावर ठरत असे. तुमचे कोणते डबके किती दिवस टिकले एवढे जरी लिहिलेत तरी ते आमच्या लोकांच्या कामाचे आहे.

काही गोष्टी अहवालाची वाट पाहत नाहीत. उद्यानात मुक्काम करणाऱ्यावर कलम २७ काही कर्तव्ये टाकते: मेलेला वन्यप्राणी दिसला तर कळवणे आणि अधिकारी येईपर्यंत अवशेष सांभाळणे, वणवा दिसला तर विझवण्याचा प्रयत्न करणे, गुन्हा होत असेल तर तो रोखणे व कळवणे. तेव्हा वनपालांचा क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर असू द्या.

अक्षांश-रेखांश विभागाला पूर्ण द्या. छापताना मी तरी सड्याचे नाव आणि तालुका यापुढे जाणार नाही, विशेषतः कोयना टोडसारखी (भेकाची एक जात) जात असेल तर; ती मोजक्याच भागात सापडते आणि अशा प्राण्यांच्या मागावर केवळ संशोधकच असतात असे नाही.

पाणसाप

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मी देतो, कारण तो प्रत्येक क्षेत्र-अभ्यासकाला पडतो आणि फार थोडे जण विचारतात. मेलेला टॅडपोल डबक्यात परत टाकू नका आणि परवान्यातील तीनांत गुपचूप मोजूही नका. अर्जातच लिहा की अनवधानाने मेलेला जीव नमुना म्हणून जतन केला जाईल आणि त्याची स्वतंत्र नोंद ठेवली जाईल. मग नळीत अल्कोहोल घालून आत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी टाका. पेनाची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते, हे मी एका हंगामाच्या नोंदी गमावून शिकलो आहे. तक्त्यात 'पकडले', 'मोजून सोडले', 'शेपटीचे टोक घेतले' आणि 'जतन केले' या रकान्यांशेजारी 'हाताळताना मेले' असा पाचवा रकाना ठेवा, आणि ज्या दिवशी त्यात शून्य असेल त्या दिवशीही तो रिकामा न सोडता शून्य लिहा.