मॅरेथॉन पळतेय, दादा आणि आईच्या नावाने

नमस्कार मंडळी,

काही जणांच्या कानावर आलंच आहे, पण एकदा सगळ्यांनाच सांगते. यंदा मी मॅरेथॉन पळणार आहे, अर्धी नाही, पूर्ण, ४२.१९५ किलोमीटर, चॅरिटीच्या बिबवर, म्हणजे देणगी जमवण्यासाठी पळणाऱ्यांना मिळणाऱ्या छातीवरच्या नंबरावर. जमलेले पैसे टाइप १ डायबेटिस (यात शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही, ते बाहेरून घ्यावं लागतं) असलेल्या ज्या मुलांच्या घरी इन्सुलिन परवडत नाही त्यांच्या इन्सुलिन, स्ट्रिप्स आणि ग्लुकोमीटरसाठी जातील.

माझा दादा शाळेत असतानाच गेला. सारखी तहान, रात्रीतून चार वेळा लघवीला उठायचा, शर्ट अंगावर ढगळ व्हायला लागले इतका बारीक झाला, आणि जो तो म्हणायचा वाढीचं वय आहे, होतं असं. मग उलट्या सुरू झाल्या, पोट दुखायला लागलं, पोटाचं इन्फेक्शन म्हणून औषध मिळालं, आणि श्वास खोल नि जोरजोरात चालायला लागल्यावर हॉस्पिटलात नेलं तोवर उशीर झाला होता. डीकेए, म्हणजे इन्सुलिन नसल्यामुळे रक्तात आम्लं साचणं, हा शब्द आमच्या घरात तो गेल्यावर आला. पुढे मला तशीच तहान लागायला लागली तेव्हा आईने एक दिवससुद्धा वाट बघितली नाही, हाताला धरून साखर तपासायला नेलं, आणि मलाही टाइप १ निघाला. मी आहे ती त्यामुळे. आई मागच्या वर्षी गेली.

देणगीची लिंक कमिटीकडे दिलीय. पण पैसे दिले नाहीत तरी तहान, लघवी, वजन उतरणं आणि थकवा या चार गोष्टी तेवढ्या लक्षात ठेवा आणि घरात लहान मुलं असतील तर त्यांच्या आईबाबांना सांगा.

---

अगं, मेल वाचलं, तुझ्या काकूने पण वाचलं, दोघांनाही बराच वेळ काही सुचलं नाही. देणगी देऊच, त्याची काळजी नको. पण एक विचारतो, राग मानू नकोस. पैसेच जमवायचे तर इतकं पळायला कशाला हवं? रस्त्यात साखर धाडकन उतरली आणि तू चक्कर येऊन पडलीस तर? पाच किलोमीटर चाल, आम्ही दोघंही येतो बरोबर. तुझी आई असती तर तिने विचारलं असतं, आता ती नाही म्हणून मी विचारतोय.

---

काका, राग कसला, उलट बरं वाटलं कोणीतरी विचारलं म्हणून. आईने हेच विचारलं असतं आणि उत्तर मिळेपर्यंत मला घराबाहेर सोडलं नसतं, म्हणून नीट सांगते.

डॉक्टरांना विचारूनच नाव घातलंय, डायबेटिस नर्सबरोबर बसून प्लॅन केलाय. पळताना स्नायू साखर ओढून घेतात आणि इन्सुलिनही जास्त जोराने काम करतं, त्यामुळे सुरू करण्याच्या तासभर आधीच इन्सुलिन पंपाचा बेसल, म्हणजे सतत थोडं थोडं जाणारं इन्सुलिन, कमी करते. साखर साधारण १२६ ते १८० च्या मध्ये असली की निघायचं. २५० च्या वर असेल आणि किटोन्सही (इन्सुलिन कमी पडलं की रक्तात साचणारी तीच आम्लं) असतील तर स्टार्ट लाइनवर जाणारच नाही, मग कितीही महिने तयारी केलेली असू दे. स्टार्टला धाकधुकीने साखर उलट वर चढते, तेव्हा घाईने इन्सुलिन घ्यायचा मोह आवरावा लागतो कारण तीच साखर पुढे तासाभरात भराभर खाली येते. दंडावर सेन्सर आहे पण तो रक्तातली नाही, कातडीखालच्या द्रवातली साखर मोजतो, म्हणजे साखर वेगाने उतरत असेल तर सेन्सर काही मिनिटं मागे. म्हणून कंबरेच्या पाऊचमध्ये मीटर असतो, आणि अंग थरथरलं, ओठ बधिर झाले की आकडा काहीही असो, आधी बोट टोचते. ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज, जागेवर थांबून, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. वेळ गेली तर गेली.

शिवाय मी सलग पळणारच नाहीये, काही मिनिटं पळायचं, एक मिनिट चालायचं, पहिल्या किलोमीटरपासून. जेफ गॅलोवे, जे १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटर धावले होते, त्यांनीच ही रन-वॉकची पद्धत लोकांना शिकवली, तेव्हा चालण्यात कमीपणा काहीच नाही. खरी भीती मला शर्यतीपेक्षा त्या रात्रीची आहे, कारण स्नायू रिकामे झालेले साठे रात्रभर भरत बसतात आणि झोपेत साखर पडू शकते. त्या रात्री नवरा अलार्म लावून उठणार आहे.

आता कशाला पळायचं. काका, १९२२ च्या जानेवारीत टोरांटोला लेनर्ड थॉम्पसन नावाच्या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं, तो त्यानंतर १३ वर्षं जगला. त्याआधी अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून थोडे दिवस वाढवायचे, एवढंच हातात होतं. शोध लावणाऱ्यांनी पेटंट एकेका डॉलरला विद्यापीठाला देऊन टाकलं, औषध सगळ्यांना मिळावं म्हणून. इतकी वर्षं झाली आणि अजूनही कुठल्यातरी घरात इन्सुलिनच्या एका बाटलीसाठी हिशोब मांडावा लागतो, हे मला सहन होत नाही. पाच किलोमीटर चालले तर लोक शाबास म्हणतील आणि विसरतील. पण टाइप १ असलेली बाई मॅरेथॉन पळतेय म्हटलं की लोक थांबून विचारतात, का? कोणासाठी? आणि मग मी त्यांना दादाबद्दल सांगते आणि त्या चार गोष्टी सांगते. लाँग रनला पाठीवर दोघांची नावं लावते, तेव्हा अनोळखी माणसंसुद्धा शेजारी येऊन पळता पळता विचारतात.

---

ताई, मी लिस्टवर सहसा लिहीत नाही. तुमचं पहिलं मेल वाचलं त्याच आठवड्यात माझी मुलगी पुन्हा अंथरूण ओलं करायला लागली होती आणि पाणी पण खूप पीत होती. तुमचं वाचलं नसतं तर मी हवा बदलली म्हणून सोडून दिलं असतं. दुसऱ्या दिवशी तपासलं, साखर नॉर्मल आहे. उगाच डॉक्टरांचा वेळ घेतला असं वाटत होतं पण तुम्हाला सांगावंसं वाटलं.

---

अगं उगाच काय, हेच तर करायचं होतं! नॉर्मल आलं, किती छान. बोटाला एक टोचा, तेवढंच काम असतं आणि आमच्या घरात तेवढंच राहून गेलं. पुन्हा शंका आली तर पुन्हा तपास, लाज बाळगू नकोस.

आणि काका, तुम्हाला यायचंच आहे ना, मग एक काम सांगते. ३२ किलोमीटरच्या खुणेपाशी काकूंना घेऊन उभे राहा. तिथे मी थांबून बोट टोचणार आहे. जास्तीचं ग्लुकोज तुमच्याकडे देऊन ठेवते. आकडा येईपर्यंत माझ्याशी काहीही बोला, घरचं, मंडळाचं, काहीही. मी अडखळत बोलले, चिडचिड केली किंवा भलतंच उत्तर दिलं तर मी कितीही म्हटलं ठीक आहे, तरी पुढे सोडू नका.