वर्षाचं नेट रिन्यू करायच्या आधी आयपीव्ही६ (नेटवरच्या पत्त्यांची नवी पद्धत) चालतंय का बघता का तुम्ही?

रात्रपाळीवाला: आमच्या ब्रॉडबँडचं वर्षाचं पॅकेज संपतंय म्हणून काल सहज टेस्ट-आयपीव्ही६ डॉट कॉम उघडलं तर दहापैकी शून्य, आणि त्याच मोबाईलवर वायफाय बंद करून डेटावर बघितलं तर दहापैकी दहा! म्हणजे शे-दोनशेच्या रिचार्जला जे मिळतं ते वर्षाचे एकरकमी पैसे भरून घरी मिळत नाही. माझं म्हणणं सरळ आहे, व्ही६ नसेल तर रिन्यू करू नका. २०११ च्या फेब्रुवारीतच जुन्या, म्हणजे आयपीव्ही४ च्या पत्त्यांचा जागतिक साठा वाटून संपला, आता कसली वाट बघतायत हे लोक?

नानाची_टांग: अरे पण तुझं अडलं काय? यूट्यूब चालतंय, यूपीआय चालतंय, ऑफिसचं व्हीपीएन चालतंय. व्ही६ ने स्पीड वाढत नाही. केबलवाला रात्री अकराला फोन उचलतो का ते आधी बघ, मग पत्ते मोज.

रात्रपाळीवाला: अडलंय ना. गावच्या घरी सीसीटीव्ही लावलाय, त्याचा डीव्हीआर (चित्रण साठवणारा डबा) पुण्यातून थेट बघायचाय. तिथल्या राउटरच्या पानावर आयपी १००.७२ वगैरे दिसतो, पोर्ट फॉरवर्ड करून (बाहेरून येणारं डीव्हीआरकडे वळवून) काही उपयोग नाही.

वायरमन७७: १००.६४ ते १००.१२७ मधला आयपी म्हणजे सीजीनॅट, कंपनीनेच केलेलं नॅट, म्हणजे एकच पत्ता अनेकांत वाटणं. सगळ्या गिऱ्हाइकांना मिळून मोजके पब्लिक पत्ते, चाळीतल्या सामायिक नळासारखं. जुने पत्ते जगात मिळून ४३० कोटीच, त्याला कंपनी तरी काय करणार. व्ही६ असेल तर डीव्हीआरला स्वतःचा पत्ता मिळतो, म्हणून मुद्दा बरोबर आहे, पण "नसेल तर रिन्यूच करू नका" हे जरा जास्त होतंय.

पेठेतला_पाहुणा: माझ्याकडे आहे बाबा, कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग टाकलं की एफई८० ने सुरू होणारा लांबलचक पत्ता येतो.

वायरमन७७: तो नाही हो चालत पाहुणे, तो घरातल्या घरातला. नेट नसलं तरी येतो. २ किंवा ३ ने सुरू होणारा हवा, आपल्याकडे बहुतेक २४ ने सुरू होतो.

नानाची_टांग: 😂 आणि समजा मिळाला पत्ता, तर अख्ख्या जगाला तुमचा डीव्हीआर उघडा. पासवर्ड अजून अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिनच असेल. सीजीनॅट आहे तेच बरं, आपोआप कुंपण मिळतं.

वायरमन७७: नॅट म्हणजे कुलूप नव्हे नाना. बाहेरून येणारं अडवायचं काम फायरवॉलचं, ती व्ही६ लाही असते, फक्त राउटरमध्ये चालू आहे ना ते बघून घ्यायचं. आणि तुमच्या कुंपणात शेजाऱ्याने उद्योग केले की त्या सामायिक आयपीवरून ब्लॉक तुम्हीपण होता. ट्रॅफिक लाईट ओळखा, बसेस ओळखा, हे कोडं सारखं येतं ना, त्याचं एक कारण तेही असू शकतं.

नानाची_टांग: ते मान्य, बसेस फार ओळखल्यात. पण डीव्हीआरच्या कंपनीचं अ‍ॅप आहे की, क्लाउडवरून दिसतं. चार सेकंद उशिरा दिसलं म्हणून चोर थांबणार नाहीये तसाही.

रात्रपाळीवाला: माझ्या घराचं चित्रण दुसऱ्याच्या सर्व्हरवरून फिरून का यावं? असो. अपडेट देतो, राउटरच्या वॅन (बाहेरच्या नेटच्या) सेटिंगमध्ये व्ही६ बंदच होतं! चालू करून रीस्टार्ट केला, आता वायफायवरही दहापैकी दहा. केबलवाल्याला उगाच शिव्या घातल्या, त्याबद्दल सॉरी.

नानाची_टांग: म्हणजे रिन्यू करणार 😄

चहा_कमी_साखर: एक विचारू का, डीव्हीआर गावी आहे आणि टेस्ट तू पुण्यात केलीस?

रात्रपाळीवाला: ...

वायरमन७७: बरोबर पकडलं. दोन्हीकडे लागतं. आणि डीव्हीआरच्या नेटवर्क मेनूत व्ही६ आहे का तेही बघ, जुन्या मॉडेलांत नसतं.

रात्रपाळीवाला: शेजारच्या पोराला घरात पाठवलंय, टेस्ट करून स्क्रीनशॉट टाक म्हटलं.

रात्रपाळीवाला: आला! दहापैकी दहा! नाना, बोला आता.

नानाची_टांग: स्क्रीनशॉट मोठा करून बघ. वर ४जी लिहिलंय. पोरगं डेटावर आहे.