तीन इंच सस्पेन्शनवर दोन इंच बॉडी लिफ्ट चालेल का?

चिखलगाडी:
नमस्कार मंडळी. पिकअप चेसिसवाला आहे, म्हणजे खाली वेगळा सांगाडा आणि त्यावर बोल्टने बसवलेली बॉडी. पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन, मागे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंग), आणि ३ इंचांची सस्पेन्शन लिफ्ट, म्हणजे स्प्रिंगपासूनच चेसिस वर उचलणारी, आधीच बसवलेली. कंपनीचे ३१ इंच व्यासाचे टायर काढून ३३ घातले, ते छान बसले. आता जीव ३५ वर जडलाय. पण पूर्ण स्टेअरिंग मारलं की ते मडगार्डला घासणार. सस्पेन्शनच आणखी वाढवू, की २ इंच बॉडी लिफ्ट टाकू? एक जण म्हणाला, बॉडी लिफ्ट म्हणजे निव्वळ शायनिंग.

सतरा_नंबर_पाना:
त्याला एकदा गाडीखाली पाठीवर झोपायला सांग, मग बोलू.

बॉडी लिफ्टने चेसिस तसूभरही वर जात नाही, हे खरं. चेसिस आणि बॉडीच्या मध्ये ठोकळे बसतात, केबिन आणि हौदा वर जातो, बास. म्हणजे दगडावरून जाताना त्या २ इंचांचा उपयोग शून्य. पण तुला हवीय टायरला जागा, आणि ती मिळते. शिवाय एक्सल, जॉइंट, प्रॉपेलर शाफ्ट यांचे कोन आहेत तसेच राहतात.

आता तेच ५ इंच नुसत्या सस्पेन्शनने घेऊन बघ. पुढचं डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) चेसिसला बांधलेलं, चाकं मात्र खाली गेली. चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टचे सीव्ही जॉइंट तिरके होणार, त्यांवरचे रबरी बूट फाटणार, ग्रीस उडणार. मग डिफ खाली घेणारं ब्रॅकेट आलं, चाक धरणारे नवे नकल आले, म्हणजे अख्खं वेगळं किट. म्हणून ३ अधिक २ ही जोडी मला शहाणपणाची वाटते. ३ अधिक ३ पाहिलंय, मला नाही आवडलं. ठोकळा जितका उंच तितका बोल्टवर आडवा ताण जास्त.

एकच गोष्ट करू नकोस: लिफ्टच्या स्प्रिंगवर वरून आणखी स्पेसर, किंवा मागे एक्सल आणि पाट्यांच्या मधल्या ब्लॉकवर आणखी ब्लॉक. दोन वेगळ्या जातीच्या लिफ्ट एकत्र नांदतात, एकाच जातीच्या दोन नाही.

घाटवळण:
टायरचं गणितही कर. ३३ वरून ३५ म्हणजे डिफखाली फक्त १ इंच वाढला, कारण व्यासाचा अर्धाच भाग खाली येतो. आणि ३१ च्या हिशोबाचा स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा तू ११३ च्या आसपास असशील. वेग घेताना गाडी उगाच दम खाईल, ब्रेकलाही जास्त जोर लागेल. मी तर म्हणतो ३३ वरच थांब. वजन वर गेलं की वळणात गाडी कलंडायची भीती वाढते, मग उंची कशानेही मिळव.

चिखलगाडी:
घाटवळण, पटतंय, पण मन मानत नाही :) पानासाहेब, काम सुरू करण्याआधी काय काय बघू?

सतरा_नंबर_पाना:
बॉडीवर एक टोक आणि चेसिसवर दुसरं, अशी प्रत्येक वस्तू शोध. स्टेअरिंगचा शाफ्ट, ब्रेकचे पाइप, डिझेल भरायची नळी, अर्थिंगची पट्टी, हँडब्रेकची केबल. जिथे ताण येईल तिथे लांबी वाढवायची. गिअरचा दांडा खाली राहतो, म्हणून कधीकधी फरशीवरच्या त्याच्या रबरी बूटच्या फटीत अडकतो.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते पंख्यात. तो इंजिनावर असेल तर जागचा हलत नाही, पण रेडिएटर बॉडीबरोबर वर जातो आणि पाती आवरणाच्या खालच्या कडेला लागतात. आवरण तेवढंच खाली घे. पंखा रेडिएटरवरच बसवलेला, इलेक्ट्रिक असेल तर हा प्रश्न नाही.

बॉडीचे बोल्ट गंजलेले असणारच. काही दिवस आधीपासून गंजनाशक मारत राहा, नाहीतर आतला नट फिरायला लागतो आणि मग फरशी कापावी लागते. एका बाजूचे बोल्ट सैल ठेवून दुसरी बाजू उचल, जॅकखाली लाकडी फळी घाल. माउंटचे रबर चिरलेले दिसले तर तेव्हाच बदल. बंपर चेसिसवर असेल तर वर फट दिसेल, तिचं काय करायचं ते तुझं तू ठरव.

थोडं चालवून झालं की सगळे बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने तपास, हेडलाइट खाली कर. आणि नोंदणी-विम्याच्या कागदावर हा बदल बसतो का, ते ठोकळे मागवण्याआधी विचार.