हळदीचे जेल विटकरी का पडते?

प्रश्न (विद्यार्थिनी, सांगली):
नमस्कार. मी एम. फार्म.च्या शेवटच्या वर्षाला असून, हळदीचा अल्कोहोलमध्ये काढलेला अर्क आणि आमच्या बांधावरच्या दगडीपाल्याचा पाण्यात काढलेला अर्क एकत्र करून जखमेवर लावायचे जेल तयार करीत आहे. रात्रभर भिजवलेल्या कार्बोपॉलमध्ये (जेल बनवणाऱ्या पावडरीत) दोन्ही अर्क मिसळेपर्यंत रंग स्वच्छ पिवळा होता. घट्टपणा यावा म्हणून ट्रायइथेनॉलअमाईन हे अल्कली घातले आणि तो पाहता पाहता विटकरी झाला. शिवाय जेल चमच्यावरून ओघळतच राहिले. हळदीत भेसळ असेल का?

उत्तर १ (अध्यापक, कराड):
भेसळीचा संशय तूर्त बाजूला ठेवा. मेटॅनिल यलो हा भेसळीचा रंग आम्लात गुलाबी होतो. तुमचा रंग अल्कलीत बदलला आहे आणि तो गुण खुद्द कर्क्युमिनचा, म्हणजे हळदीतल्या पिवळ्या द्रव्याचा आहे. हळदीला चुन्याची निवळी लावून कुंकू करतात, तेच तुमच्या बीकरमध्ये घडले. अडचण केवळ रंगाची नाही, कारण अल्कलीत कर्क्युमिन झपाट्याने विघटित होते. म्हणून ट्रायइथेनॉलअमाईन थेंबाथेंबाने घाला, प्रत्येक वेळी सामू (pH) मोजा आणि साडेपाच ते सहाच्या दरम्यान थांबा. जेल ओघळण्याचे कारण बहुधा पाल्याच्या अर्कातील क्षार असावेत, कारण क्षारांमुळे कार्बोपॉल सैल पडते. त्या अर्काचे प्रमाण कमी करून पाहा. उघड्या जखमेवर अल्कोहोल झोंबते, त्यामुळे ते पूर्ण उडवून अर्क प्रोपिलीन ग्लायकॉल या द्रावकात विरघळवावा. जेल गडद बाटलीत ठेवा, कारण कर्क्युमिनला उजेडही सोसत नाही.

उत्तर २ (वैद्य, सातारा):
आमच्याकडे ऊसतोडीत कोयता लागला की दगडीपाला तळहातावर चोळून त्याचा रस जखमेवर पिळतात आणि रक्त थांबते, हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. तरीही मातीत धनुर्वाताचे बीजाणू असतात आणि पाल्याला माती लागलेलीच असते, म्हणून अशा रुग्णाला मी आधी लशीबद्दल विचारतो. आपल्या जेलची जंतुचाचणी प्राण्यांवरील प्रयोगाच्या आधीच करावी, ही कळकळीची विनंती.

उत्तर ३ (अध्यापक, कराड):
वैद्यांशी सहमत आहे. संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची परवानगी मिळाल्यावर उंदरांचा एक गट केवळ अर्कविरहित जेलसाठी ठेवावा. जखम ओलसर राहिली तरी ती लवकर भरते, त्यामुळे हा गट नसेल तर श्रेय अर्काचे की जेलचे, हे ठरवता येणार नाही.

विद्यार्थिनी:
मनःपूर्वक आभार. उरलेल्या जेलचा सामू आज मोजला, तो ८.४ आला. उद्या नवी खेप लावते आणि पाला धुऊन, वाळवून, जंतुचाचणी करूनच अर्क काढते.