माउंट एव्हान्सचे नाव पुसणे न्याय्य होते का?

मूळ धागा

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातील ‘माउंट एव्हान्स’ या शिखराचे नाव २०२३ साली बदलून ‘माउंट ब्लू स्काय’ ठेवण्यात आले. ज्यांच्यावरून ते जुने नाव होते, ते जॉन एव्हान्स मूळचे डॉक्टर. शिकागोत त्यांनी जमिनींच्या व्यवहारांत आणि रेल्वेत मोठी संपत्ती मिळवली, नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या स्थापनेत पुढाकार घेतला आणि १८६२ साली राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी त्यांना कोलोरॅडो टेरिटरीचे (तेव्हा राज्याचा दर्जा न मिळालेल्या प्रदेशाचे) गव्हर्नर नेमले. या पदाबरोबरच आदिवासींच्या कारभाराचे अधीक्षकपदही त्यांच्याकडे आले. माझा मुख्य आक्षेप इथेच आहे. ज्या माणसाचे भवितव्य तिथल्या मैदानांतून रेल्वे जाण्यावर आणि जमिनीचे भाव चढण्यावर अवलंबून होते, त्याच्याच हाती त्या जमिनीवर राहणाऱ्या शायान आणि अरापाहो या आदिवासी लोकांचे रक्षण सोपवले गेले. या व्यवस्थेचा शेवट २९ नोव्हेंबर १८६४ रोजी सँड क्रीक येथे झाला. सैन्याने तेथील या लोकांच्या छावणीवर हल्ला करून सुमारे २३० माणसे मारली आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया, मुले व वृद्ध होते. म्हणून नाव बदलणे मला योग्य वाटते.

प्रतिसाद १

धागाकर्त्यांशी मी सहमत नाही. हल्ल्याचा हुकूम कर्नल चिव्हिंग्टन यांचा होता आणि त्या दिवशी एव्हान्स वॉशिंग्टनमध्ये होते. १८६४ च्या उन्हाळ्यात डेन्व्हरजवळ हंगेट कुटुंबाची हत्या झाली होती, पूर्वेकडून येणारे रसद-मार्ग तुटले होते आणि शहरात भीती पसरली होती. अशा वेळी गव्हर्नरने सैन्य मागितले, यात नवल नाही. शिवाय युनियन पॅसिफिक या रेल्वे कंपनीने डेन्व्हरला वगळून शायेन या गावामार्गे रूळ टाकले, तेव्हा एव्हान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भांडवल जमवून सुमारे १७० किलोमीटरचा फाटा उभारला. १८७० साली तो पूर्ण झाला नसता, तर डेन्व्हर मागे पडले असते. ज्यांनी शहर घडवले त्यांचे एकच वर्ष मोजणे अन्यायाचे आहे.

प्रतिसाद २

एव्हान्स वॉशिंग्टनमध्ये होते, एवढ्याने जबाबदारी संपत नाही. ११ ऑगस्ट १८६४ च्या जाहीरनाम्यात त्यांनी सामान्य नागरिकांना शत्रुत्व करणाऱ्या आदिवासींना ठार मारण्याची आणि त्यांची मालमत्ता स्वतःकडे ठेवण्याची मुभा दिली. मित्र कोण आणि शत्रू कोण, हे ठरवणार कोण होते? सप्टेंबरमध्ये ब्लॅक केटल आणि व्हाइट अँटेलोप हे शायान प्रमुख डेन्व्हरजवळच्या कॅम्प वेल्ड या लष्करी तळावर शांततेची बोलणी करण्यास आले, तेव्हा अधीक्षक म्हणून ज्याने वाटाघाटी करायच्या, त्यानेच ‘आता हा प्रश्न सैन्याच्या हाती आहे’ असे सांगून हात झटकले. पुढे लष्कराच्या सांगण्यावरून ते लोक सँड क्रीकला तळ देऊन राहिले आणि तिथेच मारले गेले. तो जाहीरनामा कोलोरॅडोच्या गव्हर्नरांनी अखेर २०२१ साली औपचारिकरीत्या रद्द केला.

प्रतिसाद १ यांचे उत्तर

जाहीरनामा चुकीचा होता, हे मला मान्य आहे. मात्र नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या अभ्याससमितीने २०१४ साली एव्हान्स यांनी हत्याकांडाची योजना आखली नव्हती, असाच निष्कर्ष काढला. कटाचा भागीदार आणि कर्तव्यात कसूर करणारा अधिकारी या दोहोंत फरक आहे आणि शिक्षा त्या फरकानुसार व्हावी. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी १८६५ साली त्यांचा राजीनामा घेतला, ती शिक्षा झालीच होती.

मूळ धागाकर्ता

त्याच समितीने एव्हान्स यांनी ही परिस्थिती निर्माण होण्यास हातभार लावल्याचेही म्हटले होते, आणि डेन्व्हर विद्यापीठाच्या समितीने त्यांची जबाबदारी याहून मोठी मानली. शिवाय राजीनाम्यानंतर त्यांनी वर्षानुवर्षे व्यापार केला, संपत्ती वाढवली, प्रतिष्ठा मिळवली. शिखराला मिळालेले नाव त्या प्रतिष्ठेचेच होते. त्या काळात कसूर न करणारेही होते, हे विसरता येत नाही. कॅप्टन सायलस सोल यांनी सँड क्रीकला आपल्या तुकडीला गोळ्या झाडू दिल्या नाहीत, चौकशीत साक्ष दिली आणि १८६५ साली डेन्व्हरच्या रस्त्यावर त्यांचा खून झाला. एव्हान्स यांनी मात्र वीस वर्षांनी, १८८४ मध्ये, इतिहासकार बँक्रॉफ्ट यांना सांगितले की त्या हत्याकांडाने मैदाने मोकळी झाल्यामुळे कोलोरॅडोचा मोठा फायदा झाला.