शब्दचर्चा : ‘ॲडव्हेंचरर’ला मराठीत काय म्हणावे?

अनुवादिका : हर्बर्ट कॉम्प्टन यांच्या १८९२ सालच्या ग्रंथातील जॉर्ज टॉमसचे चरित्र मी मराठीत आणत आहे. हा आयरिश खलाशी मद्रासला जहाजावरून पळाला, सरधन्याची जहागीरदारीण बेगम समरू हिच्या आणि पुढे शिंद्यांचे सरदार अप्पा खंडेराव यांच्या चाकरीत राहिला, आणि अखेर आजच्या हरयाणातील हांसीला टांकसाळ काढून, तोफा ओतून स्वतःचे राज्य थाटून बसला. कॉम्प्टन त्याला आणि द बॉयन, पेराँ या शिंद्यांच्या फौजेतील इतर युरोपीय सेनानींना सरसकट ‘ॲडव्हेंचरर’ म्हणतात. मी ‘साहसी’ लिहिले. संपादकांनी ते खोडून ‘भाडोत्री सेनानी’ केले. मला दोन्ही खटकतात. जाणकारांनी कृपया मत द्यावे.

मोडीवाचक : संपादकांचा शब्द चुकीचाच आहे, कारण भाडोत्री माणूस पगार थांबला की निघून जातो, आणि टॉमस तर धन्याच्या मृत्यूनंतर स्वतःच धनी झाला. परंतु ‘साहसी’ही जपून वापरावा. मनुस्मृतीत व्यवहाराची, म्हणजे न्यायालयातील दाव्यांची, जी अठरा पदे सांगितली आहेत, त्यांत ‘स्तेयं च साहसं चैव’ असे चोरीच्या शेजारीच साहस बसवले आहे. तिथे त्याचा अर्थ बळजोरीने, उघडउघड केलेला गुन्हा असा आहे. ‘अविचारी साहस’ म्हणताना आजही त्या अर्थाचा अंश उरतोच.

शुद्धमराठी : मग तोच शब्द सर्वांत योग्य नाही का? मुलूख लुटून राज्य करणाऱ्याला शौर्य आणि बळजोरी या दोन्ही छटा एकाच शब्दात मिळतात, आणि तो शब्द आपला आहे. शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तो उगाच नव्हे.

मोडीवाचक : कोश झाला, तरी पेशवाईच्या दप्तरात फारसी शब्द राहिलेच, कारण कारभार त्याच शब्दांत चालत होता. टॉमस त्या कारभारातला माणूस आहे, म्हणून त्याला ‘मुलूखगीर’ म्हणावे, असे मी सुचवतो. जहांगीर, आलमगीर यांतला ‘गीर’ म्हणजे घेणारा, आणि मुलूखगिरी तर प्रत्येक मराठी वाचकाला ठाऊक आहे.

दर्यावर्दी : मुलूखगिरी ही राज्याच्या वतीने, फौजेसह केलेली स्वारी असते. एकट्याने नशीब काढायला निघालेल्याला जुन्या मराठीत ‘उमेदवार’ म्हणत, म्हणजे चाकरीच्या आशेने दरबारात ताटकळणारा. माझ्या आजोबांच्या बोलण्यात ‘तो तेव्हा कचेरीत उमेदवारी करीत होता’ असे येत असे, आणि त्याचा निवडणुकीशी काहीही संबंध नसे.

शुद्धमराठी : आजचा वाचक मात्र टॉमसला कोणत्या पक्षाने तिकीट दिले, असेच विचारील. मृत अर्थ मजकुरात आणून त्याखाली तळटीप द्यावी लागत असेल, तर तो शब्द निरुपयोगी समजावा.

हिसारनिवासी : थोडी वेगळी माहिती देतो. नोकरीनिमित्त मी हांसीजवळच्या हिसारला राहिलो आहे. तिथे टॉमसच्या नावाशी जोडलेली ‘जहाजकोठी’ आहे. इमारत जहाजासारखी दिसते म्हणून ते नाव पडले, असे काहीजण सांगतात, तर जॉर्जचे लोकांच्या तोंडी ‘जहाज’ झाले, असे इतर सांगतात. झज्जरकडचा त्याचा जॉर्जगड आज जहाजगड म्हणूनच ओळखला जातो, त्यामुळे मला दुसरी व्युत्पत्ती पटते.

दर्यावर्दी : तो मुळात जहाजावरचा माणूस होता, हे विसरू नये. ‘जहाजी साहेब’ हे संबोधन त्याच्या पेशावरून आले आणि जॉर्ज या नावाशी उच्चाराने जुळले, असे का नसावे?

मोडीवाचक : आपण मूळ प्रश्नापासून दूर जात आहोत, तरी एक महत्त्वाची गोष्ट नोंदवतो. टॉमसचे पहिले चरित्र विल्यम फ्रँकलिन या कंपनीच्या लष्करी अधिकाऱ्याने टॉमसकडूनच ऐकून लिहिले. टॉमस कलकत्त्याकडे जाताना १८०२ च्या ऑगस्टमध्ये बहरामपूरला वारला, १८०३ साली पुस्तक कलकत्त्यात छापले गेले आणि १८०५ साली लंडनमध्येही निघाले. त्याच्या लांबलचक शीर्षकात ‘ॲडव्हेंचरर’ हा शब्दच नाही. सामान्य स्थितीतून केवळ गुणांच्या बळावर एतद्देशीय सत्तांच्या चाकरीत जनरलच्या हुद्द्यापर्यंत चढलेला पुरुष, असे तिथे म्हटले आहे. मराठ्यांची सत्ता उत्तरेत जिवंत असताना तो जनरल होता, आणि नव्वद वर्षांनी, इंग्रजी अंमल स्थिर झाल्यावर, तो ‘ॲडव्हेंचरर’ झाला. भाषांतरात हा फरक दिसला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

अनुवादिका : फ्रँकलिन असेही नोंदवतो की, टॉमसने आपली हकिगत फारसीतून सांगण्याची तयारी दाखवली होती, कारण इतक्या वर्षांच्या वापराने त्याला ती भाषा इंग्रजीपेक्षा सोपी झाली होती. त्याने ती तशीच सांगितली असती, तर स्वतःसाठी कोणता शब्द योजला असता, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

शुद्धमराठी : कोणताही योजला असता, तरी आपल्याला मराठीच लिहायची आहे. ‘साहसवीर’ घ्या.

दर्यावर्दी : ‘वीर’ जोडला की बळजोरीची छटा पुसली जाते, आणि आपण स्वतःच वर तिच्यासाठी ‘साहसी’चे समर्थन केले होते.

हिसारनिवासी : ‘गारदी’ कसा वाटतो? कवायती पायदळ उभे करणाऱ्यांना आपल्याकडे तोच शब्द होता.

मोडीवाचक : पानिपतावर १७६१ साली इब्राहिमखान गारदीने त्या शब्दाला मान मिळवून दिला, आणि १७७३ साली शनिवारवाड्यात सुमेरसिंग गारदीने तो घालवला. नारायणरावांच्या खुनानंतर मराठी माणसाच्या कानाला गारदी म्हणजे मारेकरीच. शिवाय शिंद्यांच्या कवायती फौजेला ‘कंपू’ म्हणत, गारदी नव्हे.

हिसारनिवासी : कंपू हा शब्द पोर्तुगीजांकडून आला की इंग्रजांकडून?